दोघींना कळवलं

४ जून, बुधवार

प्रिय ताई,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते पार विसरले आहे, म्हणून सरळच विचारते. तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? लेक, जावई, नातू सगळे मजेत ना?

फोन करणार होते, पण तुमचा नंबर लागत नाही. पत्ता पगार विभागातल्या बाईंकडून मिळवला. "तुम्ही दोघी सात वर्षं शेजारी बसलात आणि तुलाच पत्ता ठाऊक नाही?" म्हणाल्या. मी नुसती हसले.

माझं ठीक चाललंय. नेटवर्क विभागात येऊन आठ महिने झाले. टेबल खिडकीशेजारी आहे, खुर्ची नीट फिरते, तिच्या हातांना टेप लावलेली नाही. टेबलावर फोनही आहे, पण तो वाजत नाही. नेटवर्क चालू असेल तर आमची आठवण कुणाला यायची? आणि बंद पडलं की लोक खाली हेल्प डेस्कला फोन करून शिव्या घालतात, आम्हाला वर फक्त मेल येतो. विभागात आम्ही तिघं. साहेब दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलतात. दुसरे एक गृहस्थ कानाला हेडफोन लावून बसतात. मी त्यांचं नाव 'मौनीबाबा' ठेवलंय. परवा विचारलं, "चहा घेणार का?" तर त्यांनी मला मेल पाठवला, "नको, धन्यवाद." आमच्या टेबलांमध्ये अंतर किती, चार फूट!

आपण दोघी खाली हेल्प डेस्कला असताना माझा आवाज पार जिन्यापर्यंत जायचा म्हणून तुम्ही मला भोंगा म्हणायचात. आता कधी कधी दुपारी खोकून बघते, आवाज शाबूत आहे ना म्हणून.

आपण किती बोलायचो हो! अकाउंटवाले काका आठवतात? "माझा कॉम्प्युटर मेला" म्हणून बोंब मारायचे आणि कीबोर्डवर जाडजूड फाईल ठेवलेली असायची. तुम्ही शांतपणे सांगायचात, "काका, आधी फाईल उचला." मला हसू आवरायचं नाही, म्हणून टेबलाखालून माझ्या पायावर पाय द्यायचात.

एक कबूल करते, हसू नका. गेल्या आठवड्यात मी माझाच पासवर्ड मुद्दाम तीनदा चुकीचा टाकला. खातं लॉक झालं, मग खाली फोन लावला. वाटलं, कुणीतरी दोन शब्द बोलेल. नवीन कुणी बाई होत्या. "आपलं नाव? विभाग? कर्मचारी क्रमांक?" चाळीस सेकंदांत काम उरकलं. "आणखी काही मदत हवी आहे का?" म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन हमसून हमसून रडले. हवी होती हो मदत, पण ती मागायची कशी?

घरी तरी कोण आहे? आई भावाकडे राहायला गेली त्याला आता वर्ष होईल. रविवारी तिचा फोन येतो. "जेवलीस का?" एवढं विचारते आणि नातवाच्या मागे धावते. मग सोमवारपर्यंत मी कुणाशी बोलत नाही.

तुमची वही अजून माझ्याकडेच आहे. नेटवर्कच्या पत्त्यांची ती गणितं मला कधी सुटायची नाहीत. तेव्हा तुम्ही म्हणालात, "आधी इमारत कुठली ते बघ, मग खोली कुठली ते शोध." आजही काम करताना मनात तेच म्हणते. त्या वहीवरच माझं पोट चाललंय.

तुम्हाला आणखी एक सांगायचं होतं. जाऊ दे, पत्र फार लांबलं. शाळेच्या ऑफिसात काम मिळालं असं ऐकलं. मन रमतंय का? नक्की कळवा.

तुमची,
भोंगा


२० जून, शुक्रवार

ताई,

वरचं पत्र मी टाकलंच नाही. दोन आठवडे पर्समध्ये पडून होतं. तेही सोबत पाठवतेय, म्हणजे मी गोड बोलून खरं कसं टाळते ते तुम्हाला दिसेल. नंबर लागत नाही हे खोटं आहे. लागतो. एकदा लावला, तुम्ही "हॅलो" म्हणालात आणि मी घाबरून ठेवून दिला. फोनवर माझा आवाज आपोआप गोड होतो, सात वर्षांची खोड आहे ती. त्या आवाजात हे सांगायची मला लाज वाटते.

आता सांगून टाकते. सप्टेंबरात इथे एक जागा निघाली, आपण दोघींनी अर्ज केला. लेखी परीक्षेत तुम्हाला एक्क्याण्णव मिळाले, मला चौऱ्याहत्तर. उरली होती प्रात्यक्षिक चाचणी, आणि तिची तारीख कळायची होती. सोमवारी आणि मंगळवारी तुम्ही रजेवर होतात, लेकीला आणि बाळाला दवाखान्यातून घरी आणायला. साहेबांनी मेल करायचं सोडून हेल्प डेस्कच्या यादीतच, तक्रारींची नोंद होते तसं, तिकीट टाकलं. "दोन्ही अर्जदारांना कळवावे. चाचणी गुरुवारी सकाळी अकरा वाजता, तळमजल्यावरची नेटवर्क स्विचची खोली."

ते मी उघडलं. दोनदा वाचलं. शेऱ्यात लिहिलं, "दोघींना कळवलं," आणि तिकीट बंद केलं.

बंद झालेलं तिकीट यादीतून जातं, पुन्हा कुणी उघडून बघत नाही. "म्हणून बंद करण्याआधी त्या माणसाला विचार, झालं का तुमचं काम," हे तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतंत.

बुधवारी तुम्ही आलात. बाळाचे फोटो दाखवलेत. विचारलंत, "चाचणीचं काही आलं का गं?" मी म्हटलं, "नाही बाई अजून." गुरुवारी पावणेअकराला "बँकेत जाऊन येते" म्हणून उठले. तुम्ही म्हणालात, "जा निवांत, तुझे फोन मी घेते." ताई, तुम्ही माझे फोन घेत होतात आणि मी तळमजल्यावर तुम्हीच शिकवलेली गणितं सोडवत होते.

का केलं? तुम्ही आला असतात तर ती जागा तुमची होती, म्हणून. मला तिथून सुटायचं होतं. आणि खरं सांगायचं तर मी तुमच्यावर जळत होते. तुम्ही मला एवढं शिकवलंत तरी जळत होते, त्यामुळे जास्तच.

निकाल लागला तेव्हा तुम्हाला वाटलं, तुम्हाला बोलावलंच नाही. "पन्नाशीला आलेल्या बाईला कोण घेतंय? वय बघितलं असणार," म्हणालात, आणि तुमची वही माझ्या हातात ठेवलीत. दोन महिन्यांनी राजीनामा दिलात. मी तोंडातून ब्र काढला नाही.

मंगळवारी साहेबांनी मला कायम करायचा कागद समोर ठेवला. सही करण्याआधी सहज म्हणाले, "तू तरी आलीस त्या दिवशी. त्या बाई कळवूनही आल्या नाहीत. काही लोकांना कशाची किंमतच नसते." तुमच्याबद्दल असं बोलणं मला ऐकवेना. तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साहेबांनी ते जुनं तिकीट शोधून काढलं, माझा शेरा मोठ्याने वाचला. मौनीबाबांनी हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

साहेबांनी कागद परत खणात टाकला. म्हणाले, "जी चाचणी तेव्हा व्हायला हवी होती, ती आता होईल. जागा एकच आहे. दोघी बसा, जी सरस ठरेल तिची जागा." मग विचारलं, "त्यांना कळवायचं काम कुणाचं?"

मी म्हटलं, माझं.

तर कळवते. गुरुवार, ३ जुलै, सकाळी अकरा वाजता, तळमजल्यावरची स्विचची खोली. माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणायला मला तोंड नाही. साहेबांचा नंबर पाठीमागे लिहिलाय, त्यांनाच विचारून खात्री करा. मला उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

तुमचं वय कुणीही बघितलं नव्हतं, ताई. तुमच्या नावापुढे फक्त 'गैरहजर' असं लिहिलंय, आणि तुम्ही हजर होतात, दोन मजले वर, माझ्या फोनवर.

तुम्ही आलात तर जागा तुम्हालाच मिळणार हे मला ठाऊक आहे. त्याची भीती वाटत नाही, हे काही खरं नाही, वाटते. पण त्याहून मोठी भीती ही की तुम्ही रागाने हे पत्र फाडाल, येणार नाही, आणि ही जागा कायमची माझी होईल.

या. माझ्याशी बोलू नका, पण या.

जिने तेव्हा कळवलं नाही, ती