कोंपांगचं कारस्थान

४ जानेवारी, सकाळी ७
लेकीचा, प्रणालीचा, जोहोरहून फोन. तिचं लग्न १८ फेब्रुवारीला, इथंच, राजापेठेत. पाच वर्षं मलेशियात नोकरी केल्यामुळे पोरीला तिथली एक पद्धत हवी आहे. नवरदेव दारात आला की तिथं कोंपांग वाजवतात. म्हणजे एका तोंडाचा डफच, बकरीच्या कातड्याचा, हातानं वाजवायचा. घरातलं कोणी वाजवेल का, असं तिनं विचारलं. घरात मी आणि बायको वच्छला. म्हणजे मीच. निश्चय: कोंपांग स्वतः करणार, स्वतः वाजवणार. भूमी अभिलेखात एकतीस वर्षं जमीन मोजली, डफ काय चीज आहे.

७ जानेवारी
एसटीनं तेल्हारा. तिथले डोमाजी डफ करतात, वय सत्तरच्या वर. फोटो दाखवला. लाकडाचं कडं करून देतो म्हणाले, पण फोटो मोबाईलवर पाठवा. काहून? डिझाइन हाती लागलं की हा माणूस कारखाना टाकेल. पाठवला नाही. मापं कागदावर दिली. एक मुद्दाम चुकीचं.

१५ जानेवारी
कडं आणलं. दोन बोटं उथळ. डोमाजींनी माझंच माप जसंच्या तसं पाळलं. धूर्त माणूस. कातडं मीच ताणणार म्हणून ओलंच घेऊन आलो. सावलीत वाळवा, असं त्यांनी तीनदा सांगितलं. तीनदा कोणी उगाच सांगतं का? त्यांना मला उशीर करायचा आहे.

१६ जानेवारी, दुपारी १
गच्चीवर कातडं ताणून पितळी खिळे ठोकले. एक अंगठ्यावर. कोंपांग भर उन्हात ठेवला. शेजारच्या जयवंताबाई त्यांच्या गच्चीवरून दोनदा पाहून गेल्या. वास येतो म्हणे. निमित्त.

दुपारी ४. कातडं मधोमध फाटलं. जयवंताबाईंची नजर, दुसरं काय.

२४ जानेवारी
पुन्हा तेल्हारा. डोमाजींनी नवा कोंपांग करून ठेवला होता, योग्य खोलीचा. फाटक्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. न बोलणारा माणूस जास्त घातक. तरी लग्नाचं आमंत्रण दिलं. माणूस डोळ्यांसमोर असलेला बरा.

२८ जानेवारी
प्रणालीनं व्हिडिओ पाठवले. एकटा कोंपांग शोभत नाही म्हणते. एकानं ठेका धरायचा, बाकीच्यांनी मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. मी एकटाच दोन्ही करणार. मधली जागा दुसऱ्याला दिली की पुढं काय होतं, ते माझ्या खात्यानं पाहिलं आहे.

४ फेब्रुवारी
वच्छला रोज चारला जयवंताबाईंकडे जाते. कशाला? तर लग्नाचे पापड. घरात मात्र अजून एक पापड आलेला नाही. आज मागोमाग गेलो. दार बंद. आतून डब्यांवर थापा. माझाच ठेका, मधल्या जागांसकट! चोरी. वच्छलाशी दिवसभर अबोला. तिच्या लक्षात आला नाही.

१२ फेब्रुवारी
प्रणाली आली. येताना दोन कोंपांग आणले. एक आईला, एक जयवंताबाईंना. मी जाब विचारला.

वच्छला म्हणाली, "महिना झाला, प्रणाली आमाले फोनवर शिकवून राहिली. तुमाले सांगतलं असतं तं तुमी आमचीच चौकशी लावली असती."

ठेका त्यांनी माझ्याकडेच ठेवला आहे. मन वळवण्याचा प्रयत्न. रोजच्या सरावाला बोलावतात, मी जात नाही. माझी पद्धत उचलतील.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळी
नवरदेव विपुल दारात आला. प्रणाली उंबऱ्याच्या आत उभी. मी ठेका सुरू केला. दोघी मधल्या जागांत शिरल्या. मला वाटलं मुद्दाम हळू वाजवतात, म्हणून मी वेग वाढवला. मग वाटलं पुढं पळतात, म्हणून कमी केला. विपुल एक पाय उचलून तसाच थांबला. वऱ्हाड थांबलं. प्रणाली माझ्याकडे पाहत होती. रागावली असती तर चाललं असतं. माझा हात थांबला.

डोमाजी शेजारी येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "साहेब, द्या इकडं. पोरगी वाट पाहून राहिली."

दिला. त्यांनी कोंपांग छातीशी धरला आणि वच्छलाकडे पाहून एक थाप दिली. मग तिघांचा मिळून एकच आवाज निघाला. प्रणाली हसत होती, डोळे पुसत होती. माझ्याकडे कोण पाहतंय, याची मी नीट खात्री करून घेतली. कोणीच नाही.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
जयवंताबाईंच्या भाचीचं लग्न अकोल्याला आहे. कोंपांगसाठी तिघांना बोलावणं: वच्छला, जयवंताबाई, डोमाजी. चारला जयवंताबाईंच्या दारात गेलो. या वेळी बेल वाजवली. मलेही शिकायचं आहे, म्हणालो. हे वाक्य पायऱ्यांवर दोनदा म्हणून पाहिलं होतं.

वच्छलानं सतरंजीवर जागा करून दिली. कोंपांग दिला नाही. सध्या फक्त टाळी, तीही ती मान हलवेल तेव्हाच. पाच वेळा चुकलो. दोघी एकदाही हसल्या नाहीत. का हसल्या नाहीत, ते पाहावं लागेल. उद्या पुन्हा चारला.