सीटखालचं गाठोडं

सोलापूर, मंगळवार संध्याकाळ, १९३१

हप्ते थकले म्हणून सावकाराच्या माणसांनी सकाळीच माझी मोटार नेली. नेऊ दे, तसंच ठरलं होतं. पण सीटखालच्या गाठोड्यात वडिलांची रुद्राक्षमाळ, विभूती... ती लावल्याशिवाय मी जेवत नाही. गाडीबरोबर तीही त्यांचीच का? मागायला तरी कोणत्या तोंडानं जावं?

दिवस कलताना वसुलीचा मेहबूब दारात. चपला बाहेर काढलेल्या, गाठोडं धुतलेल्या रुमालावर धरलेलं.

"अप्पा, गाडी हमारी, ये तुमारा. गाठ खोल्या नै मैं. देखो."

गाठ माझीच, कालची.

"बस, जेवूनच जा," मी म्हणालो.

"पैले तुम खाव. मूँ सूक गया तुमारा!"

विभूती लावली, दोघं जेवलो. देवा, मेहबूबचं भलं कर. मोटारीबद्दल आज काही मागत नाही.