अकरा मजल्यांची किल्ली

सौ. धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? माझा कुरकुरतोच, पण हल्ली आनंदाने कुरकुरतो, कारण आपली चिमणी (माझी नात गं, आता तिला लोक मॅडम म्हणतात) मोठी वकील झाली. कोर्टात मात्र जात नाही. मग भांडतेस कुठे, असं मी विचारलं, तर म्हणे भांडण होऊ नये म्हणून मी कागद करते. याचेही पैसे मिळतात हे ठाऊक असतं, तर तुझं नि तुझ्या सासूचं मी इतकी वर्षं फुकट मिटवलं नसतं.

तिचं काम ऑफिसांच्या इमारतींचं. तिथे कोणी राहत नाही, नुसतं बसतात. एका बिल्डरने अकरा मजले बांधले, एका कंपनीने ते भाड्याने घ्यायचं ठरवलं, आणि चिमणी कंपनीच्या बाजूची. पण लिफ्ट चालत नाही, म्हणून कंपनी किल्ली घेत नाही. किल्ली घेतली की ताबा घेतला, नि ताबा घेतला की भाडं सुरू. (लग्नातही असंच असतं, पण तेव्हा आपल्याला कोणी वकील दिला नाही.) तर अख्खी कंपनी हात मागे बांधून उभी. चिमणीचं हे एकटीने करायचं पहिलंच काम. नीट पार पडलं तर तिला दार असलेली केबिन मिळणार. सध्या बिचारी झेरॉक्सच्या मशीनला चिकटून बसते.

मंगळवारी ती अंघोळीला गेली नि बिल्डरचा मॅनेजर दारात. हसतमुख, पायपुसण्यावर बूट पुसून आत आला. मॅडमना द्या म्हणत किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. आलेल्या माणसाने पुढे केलेली वस्तू नको म्हणायची सवय आईने आपल्याला लावलीच नाही. मी घेतला. फोटो काढतो म्हणाला, मी केस सारखे केले. फोटो छान आलाय, तुला पाठवते.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तोच फोटो भिंतीएवढा करून दाखवला म्हणे, की बघा, ताबा दिला, आता भाडं टाका. चिमणी उभी राहिली नि म्हणाली, "ती माझी आजी आहे, कंपनीची कोणी नाही. तिला उद्या विमान दिलंत तरी ती घेईल आणि तुम्हाला चहा विचारेल."

तिचे मोठे साहेबसुद्धा हसले. शेवटी ठरलं की येत्या नाही, पुढच्या सोमवारी सगळ्यांसमोर जुडगा परत द्यायचा, म्हणजे तो घेतलाच नव्हता असं होईल. घेतलेली वस्तू घेतली नव्हती कशी होते, ते मला अजून कळलेलं नाही. पण पोरगी बोलली काय झोकात! केबिन आता आलीच समज.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला जप.
तुझी थोरली

ता.क. तुला स्वेटरांचं खोकं पाठवलंय. मॅनेजर आला तेव्हा मी तेच भरत होते.

आणखी एक ता.क. करड्या स्वेटरच्या बाहीत बघ. जुडगा आहे. सोमवारच्या आत परत पाठव. चिमणीला वाटतंय तो माझ्या कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली सापडत नाही असं मी तिला सांगून ठेवलंय. फोन करू नकोस, तीच उचलते.

शेवटचा ता.क. जुडगा हाताने मात्र उचलू नकोस, चिमट्याने धर. एकदा का तुझ्या हातात आला की अकरा मजले तुझे, नि लिफ्ट अजून बंदच आहे.