गिऱ्हाइकाची खुर्ची

प्रिय खारूताई,

आता तू शाळेत बाई झालीस, वर्ग तुला बघून उभा राहतो, तरी मी काही तुला मॅडम म्हणणार नाही. मावशीकडे जाऊन बसली आहेस आणि फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. फोन वाजून वाजून थकतो, कागद आपला टेबलावर पडून टकामका बघत राहतो. माझी तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते लग्न झाल्यापासूनच कुरकुरताहेत, नवऱ्याचा गुण लागला असेल.

बातमी अशी की तुमचे मुख्याध्यापक घरी येऊन गेले. चहा प्याले, पंख्याची तारीफ केली, मग हळूच म्हणाले, आजी, तुमची नात परतली नाही तर व्यवसाय आणि मार्केटिंगचा विषय पुढच्या वर्षी बंद. त्यांच्या घशात तो विषय पहिल्यापासूनच काट्यासारखा अडकलेला. वर्ग सोडून मुलं माझ्या पुढच्या खोलीत येतात, तुझ्या आजोबांचं बंद पडलेलं बटणांचं दुकान उघडून खऱ्या गिऱ्हाइकाला खरा माल विकतात, हे कसलं शिक्षण म्हणे! त्यात पुढच्या आठवड्यात त्या मोठ्या कापड दुकानाची व्यवस्थापक येणार आहे, शाळा संपल्यावर तिच्याकडे कामाला कोण चालेल ते बघायला. तू आलीस आणि मुलं तिच्यासमोर नीट उभी राहिली तर विषय राहील, नाहीतर नाही. एवढं सरळ आहे.

आणि मुलं उभी राहतील असं मला वाटत नाही. का, ते सांगते.

तुझी ती खुर्ची आठव. शटर वर करण्याआधी मधोमध मांडायचीस आणि म्हणायचीस, इथे आपलं गिऱ्हाईक बसलंय, दिसत नाही, पण त्याचं वय काय, मूड काय, त्याला खरं हवंय काय, हे ओळखल्याशिवाय माल दाखवायचा नाही. मी हसले होते. तुझे आजोबा तर समोर बसलेल्या गिऱ्हाइकाकडेही बघत नसत, पेपर वाचत बसायचे. पण न दिसणारं गिऱ्हाईक भारी गुणी निघालं, सगळ्याला हो म्हणायचं. म्हणून तू तिथे वर्गातल्या त्या पोरीला, आपल्या घंटीला बसवलंस. गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज, म्हणून तर सगळे घंटी म्हणायचे! कधी चिक्कू म्हातारा व्हायची, कधी नवरीची खडूस आत्या. एकदा तर ती चक्क मीच झाली. डोळे बारीक करून म्हणाली, हे बटण माझ्याहून म्हातारं दिसतंय, निम्म्यात दे. मी वरवर रागावले, पण आत जाऊन पोट धरून हसले.

मग घंटी तापात गेली, आणि तू बॅग भरलीस.

मला वाटलं होतं, मुलं आता यायची नाहीत. पण आली. शटर वर करण्याआधी खुर्ची मांडली, तिच्यासमोर रिबिनी धरल्या आणि थांबली. घंटीला नाक मुरडायला जेवढा वेळ लागायचा, अगदी तेवढीच थांबली. मग म्हणाली, भडक वाटतोय का? बरं, मग हा बघा. मी आत बटणं निवडत होते. बोलण्याची एकच बाजू कानावर येत होती, पण बये, दुसरीही मला ऐकू आली. मी भुताखेतांना भिणारी नव्हे. माझी एवढी माणसं गेली आहेत की सगळी परत आली तर मला पातेलंभर चहा टाकावा लागेल. पण अंगावर सर्रकन काटा आला. दुसऱ्या दिवशी खुर्चीपाशी पाण्याचा पेला कुणी ठेवला, विचार. मीच.

आता शटर वर गेलं तरी खुर्ची हलत नाही. तयार झालीत ग मुलं! बोलणं गोड, उत्तर जिभेवर. पण सगळं खुर्चीसाठी. काचेच्या कपाटात फक्त पिवळं मांडलंय, कारण घंटीला पिवळं आवडायचं. रस्त्यावरचं माणूस दारात येतं, उभं राहतं, निघून जातं. कुणी मान वर करत नाही.

परवा दुपारी एक बाई आली. हातात मुलीचं स्वेटर, एक बटण तुटलेलं. तिने अहो म्हणून हाक मारली. तुझा तो लांब्या मागे न बघताच हात वर करून म्हणाला, थांबा हं, गिऱ्हाईक बसलंय. बाईने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. पेल्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, होऊ दे तिचं आधी. आवाज ऐकून मुलं वळली. घंटीची आई होती. लांब्याच्या हातातलं रिबिनीचं रीळ सुटून उलगडत तिच्या पायापर्यंत गेलं. वर्षभर शिकलेली मुलं, पण काय हवंय, एवढं विचारायला एकाचं तोंड उघडेना.

तेव्हापासून ती रोज दुपारी येते, माझ्याशी बसते. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. मी बोलते आहे, आणि लिहिते आहे तीच. घंटी आजारी आहे हे माहीत नसताना तू तिला फोनवर निरोप पाठवलास, लवकर ये, खुर्ची रिकामी आहे. तोच तुला खातोय ना? मी आत्ता हे बोलले तशी हिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, तो निरोप घंटीने मला वाचून दाखवला होता, बघ आई, माझ्याशिवाय यांचं दुकान उघडत नाही, म्हणून हसली होती. मग पेन पुन्हा उचललं. पत्र लिहा असं तीच म्हणाली मला. खुर्चीवर ती बसायला तयार आहे, मुलांना समोरच्या तोंडाकडे बघायची सवय लागेपर्यंत. पण तू शेजारी उभी असशील तरच, एकटीने जमायचं नाही म्हणते. बटण मी तिला केव्हाच काढून देऊ केलं होतं. घेत नाही. मुलांपैकी कुणीतरी काय हवंय विचारेपर्यंत थांबते म्हणाली.

तुझी वाट बघणाऱ्या दोघींमधली म्हातारी,
तुझीच,
आजी