काकांचा एक जून

प्रिय किर्ती,

परवापासून तुझे पाच फोन मी उचलले नाहीत. कामात होते असं मेसेजमध्ये ठोकून दिलं, ते खोटं होतं. तुझ्याशी फोनवर बोलायला लागलं की मी दोन मिनिटांत थट्टेवर जाते आणि सांगायचं ते पोटातच राहतं. म्हणून आज रजा टाकली, सुजित कामावर गेल्यावर दार लावलं आणि कागद घेऊन बसले. तिकडे कॅम्प पाचमध्ये तुझ्या शेठच्या दुकानात गिऱ्हाइकं असतील तर आत्ता वाचू नकोस. घरी जाऊन वाच. आधी एकटीच वाच.

दहावीच्या वर्षी आई आजारी पडली आणि मी चार महिने चामटोलीला तुमच्याकडे राहिले, ते तुला आठवत असेलच. तुझे बाबा, माझे काका, अंबरनाथच्या कारखान्यातून पहिली पाळी करून यायचे, हातपाय धुवायचे आणि ओटीवर खडूने समीकरणं मांडायचे. स्वतः मॅट्रिकला गणितातच गचकलेले, पण मला पास करायची जिद्द त्यांचीच जास्त. विठाकाकू जवळ्याची चटणी आणि भाकरी ताटात वाढून ठेवायच्या, आणि गणित सुटल्याशिवाय काका ताटाला हात लावू द्यायचे नाहीत. त्याच ओटीवर त्यांनी आपल्याला त्यांच्या जन्मतारखेची गोष्ट सांगितली होती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जनाबाई आजीला विचारलं, पोरगा कधीचा? आजी म्हणाली, लावणी उरकली होती आणि नदीचं पाणी उतरलं होतं. गुरुजींनी मान डोलावली आणि लिहिलं, एक जून. एक जूनला कुठली आलीय लावणी! पण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय बसायला हवं, म्हणून सगळ्यांनाच एक जून. काका म्हणायचे, आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस सरकारी आहे.

मी बँकेत काय करते ते तुला ढोबळमानाने माहीत आहे. तू मला सीआयडी म्हणून चिडवायचीस. दहशतवादी संघटना आणि त्यांना पैसा पुरवणारी माणसं यांची सरकारी यादी असते. आमच्या ग्राहकांची नावं त्या यादीशी ताडून पाहायची, आणि माणूस तोच निघाला तर खातं गोठवून वर कळवायचं. पैसा तुटला की बॉम्बही तुटतो, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं, आणि मला ते मनापासून पटलं होतं. बाळाजीमामाचा पाय बॉम्बस्फोटात गेला तेव्हा मी नववीत होते. त्यामुळे कात्रपच्या आमच्या एवढ्याशा शाखेत बसून मी हे करते याचा मला अभिमान होता. आजही ते काम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. वाईट काय झालं ते वेगळंच आहे.

नावं रोजच जुळतात. नाव सारखं असतं, बाकी काहीच नसतं. आपण 'जुळत नाही' म्हणून शेरा मारायचा आणि पुढे जायचं. फेब्रुवारीत असाच एक शेरा मी नीट न बघता मारला. माणूस निर्दोषच होता, पण मुख्य कार्यालयातून मला लेखी ताकीद आली. राजेंद्र सरांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, केबिनमध्ये बोलावून समजावलं की यादीतला माणूस सुटला तर आपली नोकरी जाते, भलताच अडकला तर फक्त दिलगिरीचं पत्र जातं. घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो, हेही ते जाता जाता बोलले. मी मान डोलावून बाहेर आले.

आणि मार्चमध्ये एका मंगळवारी चहाच्या आधी पडद्यावर काकांचं नाव आलं. यादीतल्या कुणा माणसाच्या चार टोपणनावांतलं एक हरिचंद्र, वडील किसन, जन्म एक जून, साल अंदाजे; सगळं काकांशी जुळणारं. भर म्हणून काका दर महिन्याला ज्या जिल्ह्यातल्या मुलींच्या वसतिगृहाला पैसे पाठवतात, त्याच जिल्ह्याचं नाव यादीत होतं. किर्ती, तू मला अनेकदा विचारलंस की बाबांचं खातं कुणी बंद केलं, आणि मी दरवेळी सांगितलं, सिस्टीमने. सिस्टीम नुसतं विचारते गं. उत्तर माणसाला द्यावं लागतं. ते मी दिलं. एक जूनची गोष्ट मला पाठ होती, त्या वसतिगृहातल्या मुलींनी पाठवलेली राखीपौर्णिमेची पत्रं मी तुमच्या भिंतीवर वाचलेली होती, आणि तरी मी 'जुळते' असं लिहिलं. राजेंद्र सरांनी माझ्या शेऱ्यावर विश्वास ठेवून सही केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती देणारी मी.

तिसऱ्या दिवशी काका शाखेत आले. पेन्शन निघत नव्हती. सर त्यांना काउंटरवरच समजावत होते आणि मी शेजारच्या टेबलाशी खाली मान घालून बसले होते. काकांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाले, "शलाका, तू सांग बाय यांना. मी कोण हाय, तुला ठाव हाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि काकांना म्हणाले, "आपण बसून घ्या सर, वरून उत्तर आलं की कळवू."

आपण. सर. ज्यांच्या ताटात मी जेवले त्यांना. काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग पिशवी उचलली आणि निघून गेले. घरी येऊन त्यांनी तुला काय सांगितलं, ते तूच मला नंतर कौतुकाने सांगितलंस. पोरगी नोकरीवर होती, तिथं नातं नाही सांगायचं, शिस्तीची आहे.

पुढचे एकावन्न दिवस तू काढलेस, ते मी तुला काय सांगू. चौकशीला दोनदा पोलीस आले, शेजारीपाजारी विचारून गेले. तीस वर्षं जे विहारात दर पौर्णिमेला वंदना सांगतात, त्यांना कमिटीने गोड बोलून थोडे दिवस घरी बसायला सांगितलं. शेजारच्या मिलिंददादाने काकांना पाहून रस्ता बदलला. काकूंनी पाणी भरायला जाणं सोडलं. काका ओटीवर सुद्धा बसेनात, आत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, हे तू रडत सांगत होतीस आणि मी तुला धीर देत होते. करून सवरून नामानिराळी!

मग मी धावपळ केली, हे खरं आहे. तुझा अर्ज मी लिहिला, चामटोलीच्या शाळेत स्कूटीवरून दोन खेपा मी मारल्या, मुख्याध्यापकांकडून जुनी नोंदवही काढायला लावली. त्या वर्षी नाव घातलेल्या एकोणीस पोरांपैकी सोळा जणांचा जन्म एक जूनचा निघाला. त्या पानाची प्रत आणि वसतिगृहाचं पत्र जोडलं, अर्ज वर गेला, आणि माणूस हा नव्हे असा आदेश आला. तू दुकानातून ओरडून शेठला सांगितलंस, माझी मैत्रीण बँकेत आहे म्हणून झालं. मैत्रीण बँकेत आहे म्हणूनच झालं होतं सगळं. ही माणुसकी नव्हती, किर्ती, आपणच लावलेली आग विझवायला आपणच बादली घेऊन पळणं होतं.

आता परवाचा तुझा निरोप. रविवारी विहारात कार्यक्रम आहे, काका पुन्हा वंदना सांगणार आहेत, आणि त्याआधी सगळ्या गावासमोर शाल देऊन माझा सत्कार करायचा त्यांनी हट्ट धरलाय. कमिटीच्या धम्मदीपने पत्रिकेत माझं नावही छापलंय. भाषणात काका काय म्हणणार तेही तू सांगितलंस, की सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा ही एकटी मला ओळखत होती. हे ऐकलं आणि माझ्याच्याने राहवेना. कारण त्या शेऱ्याच्या खाली एक रकाना असतो, ग्राहक तुमच्या वैयक्तिक ओळखीचा आहे का. 'हो' लिहिलं असतं तर नियमाने ते प्रकरण माझ्याकडून काढून दुसऱ्याकडे गेलं असतं, त्याने काकांना फोन करून चार प्रश्न विचारले असते आणि दहा मिनिटांत विषय मिटला असता. पण फेब्रुवारीच्या ताकिदीनंतर माझ्याच ओळखीचा माणूस यादीत निघाला, हे सरांना कळायला नको होतं मला. मी 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली. काल ते सगळं मी सरांना लेखी दिलं. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. हे पत्र काकांना तूच मोठ्याने वाचून दाखव, एक ओळही गाळू नकोस. मी रविवारी सकाळी विहाराच्या बाहेर येऊन उभी राहीन. काकांनी हाक मारली तर आत येईन, शाल घेणार नाही, पण मी केलं ते सगळ्यांसमोर माझ्या तोंडाने सांगेन. आणि काकांनी मला ओळखलंच नाही, तर तो त्यांचा हक्क आहे.

तुझीच, अजून म्हणू दिलंस तर,
शलाका