एक घर खाली सरकलेली जीवनसत्त्वं

तीर्थस्वरूप ताई,

वाकून नमस्कार. (शिडीवर चढउतार करून कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? डॉक्टर झालेली भाची आईबापांना घरी तपासते, की रांगेत बसवते? इकडे सगळं ठीक. फक्त सहा भिंती रंगवायचं काम माझ्या हातचं जायच्या बेतात आहे, आणि त्याला कारण जीवनसत्त्वं.

पाट्या रंगवणाऱ्या माणसाचा जीवनसत्त्वांशी काय संबंध, म्हणशील. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या भिंतीवर तक्ता काढायला सांगितला. डाव्या रकान्यात नाव, मधल्यात ते कशातून मिळतं, उजव्यात त्याचा उपयोग. आता नावं तरी काय, तर अ, ब, क, ड. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण नाव ठेवायची वेळ आली तेव्हा एकालाही धड काही सुचलं नाही. त्यातल्या 'ब'ची म्हणे बारापर्यंत भावंडं, आणि मधली काही बेपत्ता. ती कुठे गेली विचारलं, तर बाई म्हणाल्या, तुम्ही फक्त लिहा. (कुटुंब मोठं म्हणून 'ब'ला 'ड'च्या खाली पालकाशेजारी बसवलं, आणि सगळ्यात खाली जीवनसत्त्व नसूनही पाहुणं आलेलं आयोडीन.) बरं, ही मंडळी दिसत नाहीत, चवीला लागत नाहीत, दिवसाला लागतात मुंगीच्या डोळ्याएवढी, पण नसली तर म्हणे धडधाकट माणूस आडवा. आपल्या वडिलांनी जन्मात एकाचंही नाव ऐकलं नाही आणि अक्रोड दातांनी फोडले. (शेवटी दात उरले नव्हते, ही गोष्ट वेगळी.)

आमच्या धंद्यात तक्ता आडवा रंगवत नाहीत, उभा रंगवतात. एक रकाना, एक ब्रश, वरून खाली. म्हणजे अक्षर एकसारखं येतं. दोन रकाने उन्हात झाले. तिसरा घेतला तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि हल्ली संध्याकाळचा उजेड फार निकृष्ट येतो (पूर्वी असा येत नसे). पहिलं घर सोडून मी दुसऱ्यापासून सुरुवात केली. शेवटी एक ओळ हातात उरली आणि वर एक घर रिकामं दिसलं. म्हटलं, चला, जमलं. त्यामुळे डोळ्यांचं काम गाजराकडून लिंबाकडे गेलं, हिरड्यांचं लिंबाकडून सकाळच्या उन्हाकडे, हाडांचं उन्हाकडून पालकाकडे, रक्ताचं पालकाकडून आयोडीनच्या मिठाकडे, आणि गळगंड थांबवण्याचं मिठाचं काम वर गाजराला मिळालं.

तीन महिने हा तक्ता भिंतीवर होता, ताई. बाई रोज त्याच्यासमोर गाडी लावतात. कंपाउंडर त्याला टेकून उभा राहतो. रांगेतले लोक तो वाचून गंभीरपणे माना हलवतात. एकालाही शंका आली नाही. उलट कंपाउंडरच्या बायकोने भाजी खारट झाली म्हणून ऐकून घेणंच बंद केलं. रक्त वाढतं म्हणाली, तुमच्याच भिंतीवर लिहिलंय. पलीकडच्या गल्लीतले निवृत्त हेडमास्तर हिरड्यांसाठी रोज सकाळी गच्चीवर सूर्यासमोर तोंड उघडून अर्धा अर्धा तास बसायला लागले. या माणसाने जन्मभर पोरांना तोंड बंद ठेवायला सांगितलं. दीड महिन्यात जीभ कोरडी पडून सोलवटली, हिरड्या होत्या तशाच राहिल्या, तेव्हा ते तक्रार घेऊन दवाखान्यात गेले आणि एवढ्या शिकलेल्या बाईंनी पहिल्यांदा स्वतःची भिंत वाचली.

मला बोलावणं आलं. मी सांगितलं, मी मजकूर लिहीत नाही, अक्षरं काढतो. एखादं अक्षर वाकडं असेल तर दाखवा. एकही वाकडं नव्हतं. पण बाईंना अक्षराची कदर नाही. म्हणाल्या, "काका, येत्या गुरुवारी दवाखाना बंद झाला की माझ्यासमोर दुरुस्त करा. ते बघून पुढच्या सहा भिंतींचं ठरवू." मी म्हटलं, सकाळी करतो. तर सकाळी भिंतीला पेशंट टेकलेले असतात. म्हणजे पुन्हा संध्याकाळच. मिठाने रक्त वाढतं यावर ज्यांचा विश्वास बसतो, त्यांच्यासाठी मी संध्याकाळी शिडीवर चढायचं, हा कुठला न्याय?

भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा
धाकटा

ता. क. भाचीला सहज विचार, माझं नाव न सांगता. ओळखीच्या एका माणसाला दिवसा स्वच्छ दिसतं, पण दिवेलागणीला शिडीची पायरी सापडत नाही. याचं काय समजावं?

आणखी एक. तो माणूस गेले अडीच महिने रोज दोन लिंबं पिळून पितोय, कारण भिंतीवर डोळ्यांच्या ओळीत लिंबू होतं. अक्षर इतकं सुरेख होतं की त्याचा विश्वास बसला. फरक काही नाही, पोट मात्र जळतं. तक्ता कोणी रंगवला होता, हे त्याला आत्ता हे पत्र लिहिताना लक्षात आलं.

आणि शेवटचं. गाजरं पाठव. खोक्यावर बाहेरून 'ब्रश' असं लिही, इथे मला तोंड दाखवायचं आहे. नाहीतर असं कर, गुरुवारी तूच ये. खाली उभी राहून एकेक घर मोठ्याने वाच, मी रंगवतो. एकट्याने चढायची मला भीती वाटते. शिडी धरायला भाचीला आण. ती माझे डोळे तपासणारच असेल, तर मी खाली उतरेपर्यंत थांबायला सांग.