कॉफीचं टेबल आणि माझं लिव्हर

प्रिय निस,

फोनवर तू कायम घाईत असतोस, आणि मला मेलीला मुद्द्यावर यायलाच वेळ लागतो. म्हणून लिहितेय. वाचताना मध्येच 'आई, मुद्द्याचं बोल' म्हणू नकोस; म्हणालास तरी मला ऐकू यायचं नाही. इथे सगळं ठीक आहे. बांधावरचं गवत मेंढ्यांनी सफाचट केलंय आणि वारा नेहमीसारखाच अंगावर येतो. सिग्नेची खोली मी आवरून ठेवलीय. ईस्टरपासून पोर एकाही शनिवारी राहायला आली नाही. कधी पोहायचा क्लास, कधी सर्दी, कधी सूनबाईच्या, मायकेनच्या आईकडे जायचं असतं. मी काही विचारलं नाही. पण मला नात हवीय रे, आणि ती का येत नाही हे न कळण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही.

माझ्या लिव्हरचं तुला गावाकडून कळलं. आता माझ्याकडून ऐक. मी गेले होते गुडघ्यांसाठी. डॉक्टरीणबाईंनी सगळंच रक्त तपासायला पाठवलं आणि लिव्हरची एंझाइम्स वाढलेली निघाली. मग सोनोग्राफी झाली. फॅटी लिव्हर. दुखत नाही, खुपत नाही, आरशात दिसत नाही. बाईंनी विचारलं, किती पिता? मी म्हटलं, कॉफी ना, भरपूर. त्या हसल्या नाहीत. त्यांनी फिरवून फिरवून तेच विचारलं, आणखी तपासण्या केल्या, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. साखरही वर सरकली होती. म्हणाल्या, तुमचं हे वजनाचं आणि साखरेचं आहे, आत्ताच आवरलं तर लिव्हर सुधारेल, नाहीतर कडक होत जाईल. दारू तर अजिबात नको म्हणाल्या. ते पथ्य मी जन्मभर पाळतेच आहे.

आवरायचं म्हणजे काय, ते मात्र विचारू नकोस. औषधाची गोळी असती तर गिळून मोकळी झाले असते. रोज सकाळी बांधावरून चालायचं, पाऊस असो की धुकं. परत येईपर्यंत गुडघे शिव्या देतात. राय पावाची एक पातळ चकती, त्यावर मासा. बटाटे मोजके, साय घातलेला रस्सा बंद, फळांचा रस बंद. दुपारी चारला असा काही भुकेचा डोंब उसळतो की मी उगाच खिडक्या पुसत बसते. वजन गोगलगायीसारखं उतरलं आणि नाताळात एका आठवड्यात परत चढलं. एंझाइम्स कमी झाली, मग तिथेच अडून बसली. बाई म्हणतात, छान चाललंय. छान कसलं डोंबलाचं! रोज आपणच आपली सासू व्हायचं आणि आपल्याच ताटावर नजर ठेवायची. तुझे बाबा असते तर माझ्या वाट्याचा केक खाऊन त्यांनी मला मदत केली असती. फार थकलेय मी, निस.

त्यात आलं गावच्या सभागृहातलं वर्षाचं कॉफीचं टेबल. तुला माहीतच आहे, सात मऊ केक, सात कडक, आणि प्रत्येकीचा चाखल्याशिवाय उठायचं नाही. जिचा राहिला तिचा अपमान. मी एक साधा पाव घेतला आणि थांबले. बोटिलाने आपला राय पावाचा थरांचा केक माझ्यापुढे सरकवला. मी नको म्हटलं. ती ठसक्यात म्हणाली, का गं, विष घातलंय का मी त्यात? शाळेपासूनची मैत्रीण ती, तिला काय फसवायचं! मी आपली खरं बोलून गेले, की लिव्हर बिघडलंय.

अरे, बोटिलाने माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, एकटं राहिलं की होतं गं असं. मागून कुणीतरी पुटपुटलं, लाउस्टचीच मुलगी ती. झालं! माझे वडील दारू पिऊन खड्ड्यात पडायचे आणि लोक त्यांना हातगाडीवर घालून घरी आणायचे, ते या गावाने पाहिलंय. मी जितकं नाही नाही म्हणत गेले, तितक्या त्या मायेने माना डोलवत गेल्या. पिणारे सगळे नाहीच म्हणतात ना! आणि शाळेत तुमच्याकडून पाठ करून घेतलं होतं की नाही, जर्मनांच्या राज्यात आपल्या सभागृहांना दारूचा परवाना मिळेना, म्हणून बायकांनी केकांनी टेबलं भरली? त्याच टेबलावर मी चाळीस वर्षं बसले, एकीचाही अपमान केला नाही, आणि आता दारुडी ठरले. हसायचं की रडायचं ते तूच सांग.

हे सगळं मी गिळलं असतं. गाव आहे, बोलणारच. पण गेल्या रविवारी तू एकटाच आलास. मी लोकर आणायला आत गेले आणि परत येताना दारातून पाहिलं. तू माझा कॉफीचा कप उचललास, नाकाशी नेलास आणि पटकन होता तिथे ठेवलास. मी दोन पावलं मागे सरले आणि मुद्दाम खोकत आले. मला राग नाही आला, बाळा. तुझ्या आजोबांचा कप मी अशीच हुंगायची, शाळेतून आल्या आल्या, दप्तर खांद्यावरून उतरवायच्या आधी. तुला तसं हुंगावं लागू नये म्हणून मी आयुष्यभर थेंबाला शिवले नाही, आणि तरी ते तुझ्या वाट्याला आलंच. म्हणून हे पत्र. बुधवारी माझी तपासणी आहे. माझ्याबरोबर चल. बाईंना हवं ते विचार, मला बाहेर बसवून विचार. आणि एवढ्यानेही मन मानत नसेल, तर सिग्नेला घेऊन येशील तेव्हा दारातच मला तोंड उघडायला लाव. मी उघडेन, लाजणार नाही. फक्त तिच्यादेखत नको.

तुझीच,
आई